दाराजवळचे टेबल

रविवार, १५ मार्च, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. जेवणाच्या टेबलाभोवती माणसे सहा, खुर्च्या सात आणि मधोमध पितळी घंटा एक. सातवी खुर्ची ताईच्या नवऱ्याची. तो जहाजावर इंजिनियर होता. वर्षातले आठ महिने समुद्रावर असे आणि उरलेले चार महिने घरातल्या प्रत्येक वादात तटस्थ असे, त्यामुळे ती खुर्ची रिकामी असल्याचे कोणाला फारसे जाणवत नसे. घंटा मात्र नवी होती. अण्णा ती आदल्या संध्याकाळी शिबिरातून घेऊन आले होते आणि तेव्हापासून तिने घरातल्या एकाही माणसाला सुखाने चहाचा घोट घेऊ दिला नव्हता.

काकांनी बशीतल्या बिस्किटाकडे हात नेला. घंटा वाजली.

"कशासाठी?" अण्णांनी विचारले.

"खाण्यासाठी."

"खाणं ही कृती झाली. हेतू सांग."

"भूक लागलीय."

"भूक हे कारण. कारण मागून ढकलतं, हेतू पुढून ओढतो. पहिल्याच तासाला आम्हाला हे शिकवलं."

काकांनी आयुष्यभर थोरल्या भावाचे ऐकले होते आणि त्यातून वेळ मिळेल तेव्हा झोप काढली होती. त्यांनी बिस्किटाकडे नीट निरखून पाहिले.

"अण्णा, मला हे पुढून ओढतंय."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "चालेल. पण सवय व्हायला वेळ लागेल तुला."

एरवी ताईला हसू आवरले नसते. आज तिची नजर अण्णांच्या खांद्यावरून पलीकडे, मागच्या खोलीच्या बंद दारावर खिळली होती. त्या दारापलीकडे दोन चादरी आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग अंगावर घेऊन अण्णांचे टेबल उभे होते. कारखान्यातले टेबल. लोखंडी पत्र्याचे, ऐंशी किलोंचे. ज्याचा डावा कोपरा अण्णांच्या कोपराने घासून गुळगुळीत झाला होता आणि ज्याचा खालचा खण गुडघ्याने ढकलल्याखेरीज उघडत नसे. स्प्रिंगांच्या त्या कारखान्यात ते चाळीस वर्षे दाराजवळ होते. काल दुपारपासून नव्हते. आणि उद्या सकाळी दहा वाजता अण्णा नेहमीप्रमाणे कारखान्यात जाणार होते.

कारखाना सहा वर्षांपूर्वी अण्णांकडून त्यांच्या लेकीच्या, ताईच्या, हाती आला होता. फलकावर तिचे नाव होते, सह्या तिच्या होत्या, रात्रीची झोपही तिचीच उडत होती. पण तिने कारागिराला "आठ मिलिमीटरची तार चढवा" असे सांगितले की कारागीर आधी दाराकडे पाही. दाराजवळ अण्णा असत. अण्णा बोटभर मान हलवत. मग तार चढे. त्यांनी एकदाही मान आडवी हलवली नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. विरोध केला असता तर भांडता आले असते. होकाराशी भांडायचे कसे, हे ताईला सहा वर्षांत उमगले नव्हते.

म्हणून तिने अण्णांच्या वाढदिवसाला त्यांना दोन दिवसांचे निवासी शिबिर भेट दिले. 'सहेतुक जीवन: काम आणि कुटुंब.' शुक्रवारी सकाळी अण्णा बॅग घेऊन बसमध्ये चढले आणि तासाभरात कारखान्याच्या दारात तार वळवणारे नवे संगणकी यंत्र उतरले. शनिवारी ताईने काका आणि आपला धाकटा भाऊ यांना घेऊन टेबल टेम्पोत घातले. धाकटा दातांचा डॉक्टर होता, घरात त्याला डॉक्टरच म्हणत. टेबल त्याच्या दवाखान्यात ठेवायचे ठरले होते, पण दवाखान्याचे दार चार बोटे अरुंद निघाले. गोदामात ठेवले असते तर अण्णा गोदामात जाऊन बसले असते. म्हणून एका रात्रीपुरते ते घरी आले. रात्री जेवताना अण्णांना शांतपणे सांगायचे, असे ताईने ठरवले होते.

पण अण्णा घंटा घेऊन आले, आणि रात्रीच्या जेवणात घासाघासाचा हेतू सांगण्याखेरीज कोणाला काही बोलता आले नाही.

"आता मुद्द्याकडे येऊ," अण्णा म्हणाले. "प्रत्येकाने पुढच्या वर्षाचा एक हेतू सांगायचा. कामाचा किंवा घराचा. एकच, आणि खरा. मी ते फळ्यावर लिहितो. फळा मागच्या खोलीत आहे." आणि ते उठले.

पाच माणसांच्या तोंडचे पाणी पळाले. सर्वांत आधी भान आले ते डॉक्टरच्या बायकोला. ती शाळेत शिकवत असे; सगळे तिला मॅडम म्हणत. तिने झडप घालून घंटा उचलली आणि वाजवली.

"हेतू, अण्णा?"

अण्णा थबकले. "फळा आणणं."

"ती कृती झाली," डॉक्टर म्हणाला.

"लिहिण्यासाठी."

"लिहिणं हीसुद्धा कृतीच," काका म्हणाले. बिस्किटाचा वचपा निघत असल्याने त्यांचा आवाज चांगला लागला होता. "लिहिण्यामागचा हेतू काय, अण्णा? माणसाला स्वतःचा हेतू लक्षात राहत नाही का? पुढून ओढणाऱ्याला फळा कशाला हवा?"

अण्णा उभ्याउभ्या विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर आहे. फळा ही माझी जुनी सवय. बघा, दोनच दिवसांचं शिबिर, आणि तेही मी केलेलं, तरी फरक तुमच्यात पडला." ते परत बसले. टेबलाखाली डॉक्टरने तळहातांचा घाम पायजम्याला पुसला.

हेतू सांगायला काकांपासून सुरुवात झाली. काका म्हणाले, पुढच्या वर्षी दुपारची झोप ठरवून घेणार. आत्तापर्यंत ती आपोआप लागत असे. अण्णांनी हे मनापासून मान्य केले. डॉक्टर म्हणाला, रुग्णाच्या तोंडात दोन्ही हात असताना त्याला प्रश्न विचारणे बंद करणार. मॅडम म्हणाल्या, घरी आल्यावर नवऱ्याशी शाळेतल्या आवाजात बोलणार नाही. "कोणत्या आवाजात बोलणार?" असे डॉक्टरने विचारताच त्यांनी शाळेतल्याच आवाजात "मध्येमध्ये बोलू नकोस" असे सांगितले.

"आता माझा," अण्णा म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याची बाही सरळ केली. "मी शिबिरात स्वतःला तपासलं. सहा वर्षं मी कारखान्यात जातो, बसतो, येतो. हे यंत्रवत झालंय. सहेतुक नाही. म्हणून उद्यापासून मी दहाला नाही, पहिल्या पाळीबरोबर आठला जाणार. दारात बसून प्रत्येक माणसाला आत येताना त्याचा दिवसाचा हेतू विचारणार."

काकांच्या हातातले बिस्किट चहात पडले आणि बुडाले. ते काढायला कोणी चमचा दिला नाही.

"मी जरा चहा गरम करते," आई म्हणाली.

"मी मदत करते," ताई म्हणाली.

"मला पाणी हवंय," मॅडम म्हणाल्या.

घंटेकडे अण्णांचा हात जाईपर्यंत तिघी स्वयंपाकघरात पोचल्या होत्या.

"आई, आता तूच सांग त्यांना," ताईने दार लोटून घेत म्हटले. "तुझं ऐकतात ते."

"काय सांगू?"

"की कारखाना आता सोडा. घरी आराम करा."

"मी नाही हो सांगणार."

ताईला वाटले, आईला नीट ऐकू आले नसावे. "अगं, आठ वाजता येणार म्हणतायत! घंटा घेऊन!"

"येऊ देत. दोन तास आधी गेले तर बरंच."

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

आईने गॅस बारीक केला. मग ओट्याखाली वाकून कपडे धुण्याच्या पावडरचा डबा बाहेर ओढला, त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वस्तू काढली. माउथ ऑर्गन होता.

"दोन वर्षं झाली," आई म्हणाली. "ते दहाला बाहेर पडले की मी वाजवते. पाचला डब्यात."

"तुला वाजवता येतं?" मॅडमनी विचारले.

"नाही येत. म्हणून तर घर रिकामं लागतं."

"आणि शेजारी?"

"त्यांना पाण्याचा पंप वाटतो."

ताई ओट्याला टेकली. आईवर आपली मदार आहे असे ती धरून चालली होती. आता लक्षात आले की आईची मदार नेमकी ताईच्या कारखान्यावर होती. अण्णा दारात बसले तर ताईचा जीव घुसमटणार आणि घरात बसले तर आईचा.

"मी स्पष्ट बोलू का, ताई?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही टेबल हलवलंत, ते योग्यच. पण त्यांना शिबिराला पाठवून हलवलंत. वर्गात बाई बाहेर गेल्यावर जे होतं, तसं झालं ते."

"मग काय करायला हवं होतं?"

"ते मला काय विचारता? तुमच्याच कारखान्यात त्याचा नियम आहे ना?"

नियम होता. या घराण्यात दुसरा कोणताही नियम इतका जुना नव्हता. तिच्या आजोबांच्या काळात लेथवर ताणलेली तार कोणीतरी न सांगता सैल केली आणि तिच्या टोकाने आजोबांची अर्धी भुवई नेली. ती पुन्हा उगवली नाही. उरलेले सारे आयुष्य आजोबा अर्धवट आश्चर्यचकित दिसत राहिले. तेव्हापासून कारखान्यात 'बोलून हात' सुरू झाला. यंत्राला हात लावण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने बोलायच्या: कुठला भाग, काय करणार, कशासाठी. समोरच्याने ते शब्द परत म्हणायचे. त्यानंतरच हात. आणि समोरचा परत म्हणत नसेल, तर थांबायचे. कारण त्याचा अर्थ एकच, कोणाचा तरी हात आत आहे. ताई हा नियम अक्षरओळख होण्याआधी शिकली होती. काल टेबल उचलताना तिने तो प्रथमच मोडला होता.

दार ढकलून डॉक्टर आत आला. त्याच्या चेहऱ्यावर रुग्णांच्या चेहऱ्यावर असते तशी कळा होती.

"ताई, बाहेर चल. ते पुन्हा उठलेत. आणि एक सांगून ठेवतो, मी फक्त पाय धरले होते."

"कोणाचे?"

"टेबलाचे."

बाहेर अण्णा मागच्या खोलीच्या दारापाशी उभे होते. घंटा त्यांनी डाव्या हातात घेतली होती, मॅडमच्या आवाक्याबाहेर. उजवा हात कडीपासून वीतभर अंतरावर अधांतरी होता. शिबिराची भाषा त्यांनी बाजूला ठेवली होती आणि ते कारखान्याच्या भाषेत, कारखान्याच्या आवाजात बोलले.

"दार. उघडणार. फळा घेण्यासाठी."

आणि कोणी ते शब्द परत म्हणण्याची वाट पाहत ते थांबले.

काकांनी छताकडे पाहिले. डॉक्टरने मॅडमकडे पाहिले आणि मॅडमनी आईकडे. आईच्या हातात चहाची किटली होती. ती तिने अगदी सावकाश खाली ठेवली. काका जन्मभर दुसऱ्याचे बोलणे परत म्हणत आले होते. आत्ताही त्यांचे ओठ सवयीने हलले, पण आवाज फुटला नाही.

"दार," अण्णा पुन्हा म्हणाले. "उघडणार. फळा घेण्यासाठी."

कोणी परत म्हटले नाही. अण्णांचा हात जिथल्या तिथे थांबला. त्यांनी मान वळवून एकेकाचा चेहरा पाहिला. आणि जेव्हा ते बोलले, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता, यंत्र बंद करण्याआधी येतो तसा.

"कोणाचा हात आहे आत?"

"माझा," ताई म्हणाली.

ती पुढे झाली, कडी काढली आणि बाजूला उभी राहिली. अण्णांनी आत जाऊन इस्त्रीचा ढीग खाटेवर ठेवला. एक चादर काढली. दुसरी काढली. दोन्हींच्या घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा लावून, कारण न घातलेली घडी त्यांना बघवत नसे. मग डाव्या हाताचे कोपर टेबलाच्या घासलेल्या कोपऱ्यावर टेकवले. ते बरोबर बसले.

"कधी?"

"काल दुपारी."

"कोण बोललं होतं?"

"कोणीच नाही."

"परत कोणी म्हटलं?"

"बोललंच नव्हतं कोणी, अण्णा."

"तीन माणसं," अण्णा म्हणाले, "ऐंशी किलोंचं लोखंड. आणि एकानेही तोंड उघडलं नाही?"

"मी 'सावकाश' म्हटलं होतं," काका दारातून म्हणाले.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ताईला वाटले होते, ते रागावतील, ओरडतील, निदान टेबलाचे नाव घेतील. पण त्यांना टेबल हलल्यापेक्षा ते मुक्याने हलल्याचे जास्त लागले होते, आणि हे ओरडण्यापेक्षा वाईट होते.

"हात तर लावून झाला," अण्णा म्हणाले. "आता तरी बोल."

ताईने श्वास घेतला. "टेबल. दाराजवळून हलवलं. नवं यंत्र बसवण्यासाठी."

घंटा वाजली.

"ते यंत्र पश्चिमेच्या भिंतीला मावतं. तू मागणी नोंदवलीस तेव्हाच मी मोजलं होतं. तूही मोजलं असशील. हेतू सांग."

ताईने मोजले होते. पश्चिमेच्या भिंतीला यंत्र बसूनही माणसाला वळायला जागा राहत होती. तिने एकदा आईकडे पाहिले; आईने मान हलवली नाही, आडवीही नाही आणि उभीही नाही. या घरात कोणी तरी मान न हलवता तिच्याकडे पाहावे, ही गोष्ट तिला फार वर्षांनी लाभत होती.

"तुम्ही दारात असलात की माणसं आधी तुमच्याकडे बघतात," ती म्हणाली. "मी सांगते, ती तुमच्याकडे बघतात, तुम्ही मान हलवता, मग काम होतं. तुम्ही मला कधी अडवलं नाहीत, अण्णा. पण सहा वर्षांत माझा एकही शब्द त्या दारातून एकटा गेलेला नाही. त्यांनी माझ्याकडे बघायला हवंय. मी चुकले तरी. म्हणून तुम्ही दारात बसू नये. हा हेतू."

घंटा वाजली नाही. ताई टेबलाला टेकली. टेबल कोणाचे, हे तेवढ्यापुरते ती विसरली.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"नियम आहे. मी बोलले. आता तुम्ही परत म्हणा."

तेल संपलेल्या बिजागरीसारखा अण्णांचा जबडा दोनदा उघडला आणि मिटला.

"टेबल," ते अखेर म्हणाले. "दाराजवळून हलवलं. माणसांनी ताईकडे बघावं यासाठी. ती चुकली तरी." थोडे थांबून त्यांनी उरलेलेही म्हटले, कारण अर्धे परत म्हणणे म्हणजे न म्हणणेच, असे त्यांनीच कारागिरांच्या दोन पिढ्यांना शिकवले होते. "अण्णांनी दारात बसू नये."

"ऐकलं," काका सवयीने म्हणाले.

"आता तुमचा," ताई म्हणाली.

"माझा काय?"

"तुम्ही कारखान्यात कशासाठी येता?"

"देखरेखीसाठी," अण्णा म्हणाले.

टिंग. घंटा आता आईच्या हातात होती. ती तिने अण्णांच्या बोटांतून केव्हा काढून घेतली, हे दातांच्या डॉक्टरलाही कळले नाही, आणि नकळत वस्तू काढून घेणे हा तर त्याचा पेशा होता.

"अगं, देखरेख लागतेच. मालाचा दर्जा..."

टिंग.

"माणसांना सवय आहे माझी."

टिंग. "माणसांचं ठेवा बाजूला," आई म्हणाली. "तुमचं सांगा."

अण्णांनी कोपर उचलून टेबलाच्या त्या गुळगुळीत कोपऱ्यावर अंगठा फिरवला. शिबिरात त्यांनी दोन दिवस डोळे मिटून हेतूचा विचार केला होता आणि प्रमाणपत्र मिळवले होते. तिथे हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"सकाळी दहा वाजता घरात काय करायचं असतं," ते म्हणाले, "ते मला माहीत नाही."

सगळे घंटेकडे बघत राहिले. ती वाजली नाही.

"हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर!" आई म्हणाली. "कारण मला ते चांगलं माहीत आहे. माझा हेतू राहिलाय ना सांगायचा? ऐका. मला दहा ते पाच हे घर रिकामं हवंय."

"रिकामं? कशासाठी?"

आईने पदराआडून माउथ ऑर्गन काढला. तिच्या गालावर कपड्याच्या पावडरचा पांढरा पट्टा होता. ती वाजवू लागली. चाल कुठली होती हे काकांना शेवटपर्यंत समजले नाही. मॅडमना मध्यावर समजल्यासारखे वाटले, पण त्या गप्प राहिल्या. प्रत्येक ओळीत एका ठरावीक जागी सुराऐवजी नुसती हवा येई, पंपाने पाणी सोडल्यावर येते तशी.

अण्णांचा चेहरा मात्र बदलला. ते आधी एका कानाने ऐकत होते, मग दोन्ही कानांनी, मग डोळे बारीक करून. आई थांबली.

"तिसरं घर," अण्णा म्हणाले.

"काय तिसरं घर?"

"तिसऱ्या घरातली, तिसऱ्या भोकामागची, पट्टी बोलत नाही. पितळी पट्टी असते आत, एका टोकाला जखडलेली. स्प्रिंगच ती, चपटी. दाबली गेली आणि तशीच राहिली. पावडर बसली असेल वर." त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

आईने माउथ ऑर्गन पाठीमागे नेला. "बोलून."

अण्णा थांबले. सरळ उभे राहिले. "पट्टी. तिसरी. साफ करून उचलणार. तुला वाजवता यावं यासाठी."

टिंग.

काका हसू लागले आणि मग त्यांना खोकला आला. अण्णांनी बायकोकडे नीट पाहिले. "बरं. पट्टी. तिसरी. साफ करून उचलणार. मला काहीतरी काम हवंय, यासाठी."

"पट्टी, तिसरी, साफ करून उचलणार," आई म्हणाली. "ह्यांना काम हवंय, यासाठी." आणि तिने माउथ ऑर्गन त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी गुडघ्याने खालचा खण ढकलला. खण उघडला. बारीक पेचकस आत होते, जसे होते तसे, आणि त्यांच्याशेजारी डॉक्टरच्या दवाखान्यातले अर्धे मासिक, जे तिथे कसे आले ते कोणी विचारले नाही.

अटी दुपारच्या जेवणावर ठरल्या. टेबल मागच्या खोलीतच राहील. अण्णा तिथे दार लावून काम करतील. शेजाऱ्यांकडे बिघडलेल्या कुलुपांची, चिमट्यांची आणि घड्याळांची ददात नव्हती. दहा ते बारा मात्र आईला घर पूर्ण रिकामे लागेल, कारण ऐकणारा कोणी असला की तिचा श्वास चुकतो. त्या दोन तासांत अण्णांनी हवे तर कारखान्यापर्यंत चालत जावे. पण दारात बसायचे नाही. दाराबाहेर उभे राहायचे, आत कुठे आणि कशासाठी येतो ते बोलायचे. ताईने परत म्हटले तर आत. नाही म्हटले तर तिचा हात कामात आहे असे समजून परत फिरायचे.

"आणि मान?" डॉक्टरने विचारले.

"मान हलवायची नाही," ताई म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. मग सगळे त्यांच्याकडेच बघत आहेत हे पाहून ते म्हणाले, "हो."

घंटा काकांनी मागून घेतली. दुपारच्या झोपेतून ठरवून उठण्यासाठी ती हवी, असा हेतू त्यांनी सांगितला. तो खरा होता की नाही याची चौकशी करण्याइतके त्राण कोणात उरले नव्हते.

सोमवार ते शनिवार, त्या पहिल्या आठवड्यात अण्णा कारखान्याच्या दाराबाहेर अकरा वेळा बोलले. ताईने परत म्हटले ते चार वेळा.